गीझरचा टॉप पुन्हा पुन्हा जळतो: व्होल्ट आणि अँपिअरवरून दोष कसा पकडायचा

गीझर चालू केला की पंधरा-वीस मिनिटांत थ्री-पिन टॉप हात लावू नये इतका तापतो. काही आठवड्यांत पिनांभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, आणि एका सकाळी बाथरूमबाहेर जळका वास येतो. वायरमन नवा टॉप बसवतो, "लोड जास्त आहे" म्हणतो आणि जातो. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. एमसीबी (अँपिअर जास्त झाले की आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं टॉपच हलक्या प्रतीचा होता आणि पुढच्या वेळी महागातला आणला जातो. तोही जळतो.

टॉप बदलण्याआधी दोन आकडे मोजा. गीझरला मिळणारे व्होल्ट आणि तो खेचत असलेले अँपिअर. दहावीच्या विज्ञानात शिकलेली दोन सूत्रं (व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट) पुरेशी आहेत. अडचण सूत्रांची नसते. कुठले व्होल्ट सूत्रात घालायचे इथे बहुतेकांची गाडी चुकते, आणि तेवढ्यावरून दोष सापडतो किंवा हुकतो.

आधी "लोड जास्त" ही तक्रार निकालात काढू. साठवणीच्या घरगुती गीझरवर बहुधा २००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं असतं. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. टॉप आणि सॉकेट १६ अँपिअरचे आहेत, म्हणजे जेमतेम अर्ध्या क्षमतेवर चाललेत. गीझरच्या कॉइलचा रोध २३० भागिले ८.७, म्हणजे सुमारे २६.४ ओहम. या हिशेबात टॉप तापायला काही कारणच दिसत नाही. कारण हिशेबात टॉप धरलेलाच नाही. आपण पिन आणि सॉकेटची पत्ती यांचा सांधा शून्य ओहमचा मानला.

सांधा चांगला असेल तर त्याचा रोध ओहमच्या हजारांशात असतो, शून्य मानायला हरकत नाही. पत्तीची पकड सैल झाली, पितळेवर कळंक चढला किंवा मागचा स्क्रू ढिला राहिला की तो ०.२ ओहमवर सहज जातो. आता ही ०.२ ओहमची जागा किती तापेल?

इथे लोक हमखास घसरतात. वॅट काढायचं तिसरं सूत्र आठवतं, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, आणि ते लगेच २३० चा वर्ग भागिले ०.२ करून मोकळे होतात. उत्तर येतं २,६४,५०० वॅट. दोनशे चौसष्ट किलोवॅट! एवढ्यावर एखादा कारखाना चालेल. उत्तर उघडच चुकलंय, पण सूत्र बरोबर आहे. चुकले ते व्होल्ट. २३० व्होल्ट सांध्यावर नाहीतच, ते सांधा आणि कॉइल या दोघांवर मिळून आहेत. सांध्याच्या वाट्याला ८.७ गुणिले ०.२, म्हणजे फक्त १.७४ व्होल्ट येतात. त्याचा वर्ग भागिले ०.२ करा, १५ वॅट. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम करा, तरी १५ वॅट. ज्या तुकड्याचे वॅट हवेत त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट घेतले तर तिन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. "रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते?" हा वर्गातला जुना वादही इथेच मिटतो. सांधा गीझरशी एकसरीत आहे, अँपिअर जवळजवळ गीझरच ठरवतो, म्हणून सांध्याचा रोध वाढला की त्यातली उष्णता वाढते. शेजारच्या सॉकेटमधला दिवा समांतर आहे, त्याला व्होल्ट ठरलेले, म्हणून तिथे रोध वाढला की उष्णता कमी.

१५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, आणि तो शिसं वितळवतो. इथे त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता पिनेच्या नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद डबीत, अर्धा तास साचत राहते.

हाच ०.२ ओहम वायरमध्ये असता तर काही बिघडलं नसतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. बोर्डापासून बाथरूमपर्यंत १५ मीटर धरले तर जाऊन-येऊन ३० मीटर वायर, म्हणजे ०.२२ ओहम. तिथेही साधारण १७ वॅट उष्णता होते, पण ती ३० मीटरवर पसरलेली, वायर जेमतेम कोमट होते. म्हणून नुसता रोध किती हे विचारून भागत नाही, तो किती जागेत गोळा झालाय हेही पाहावं लागतं.

आणि त्याच सॉकेटवर टीव्ही लावला तर काहीच होत नाही, हे ऐकून गोंधळू नका. १०० वॅटचा टीव्ही ०.४३ अँपिअर खेचतो. त्याचा वर्ग गुणिले ०.२ केला तर ०.०४ वॅट होतात. १८४१ साली जेम्स जूलने दाखवून दिलं तेच हे: उष्णता धारेच्या, म्हणजे अँपिअरच्या, वर्गाने वाढते. म्हणूनच दोन किलोवॅटचा गीझर काढून तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर त्याच जुन्या सॉकेटवर लावला की वर्षानुवर्षं गप्प बसलेला सांधा महिन्याभरात जळतो. धारा दीडपट होते, सांध्यातली उष्णता सव्वादोनपट.

एमसीबी का पडत नाही याचंही उत्तर याच हिशेबात आहे. सांधा खराब झाला की परिपथाचा एकूण रोध वाढतो, त्यामुळे धारा कमी होते. २६.४ ओहमच्या कॉइलमागे अख्खा १ ओहमचा सडका सांधा आला तरी धारा ८.७ वरून ८.४ अँपिअर होते, आणि त्या सांध्यात ७० वॅट जळत असतात. एमसीबी जास्त धारेची वाट पाहतो, ती कधी येतच नाही. आरसीसीबी म्हणजे धारा जमिनीकडे गळली की वीज तोडणारा स्विच, त्यालाही हा दोष कळत नाही, कारण धारा जमिनीकडे गळत नाहीये, जेवढी फेजने येते तेवढीच न्यूट्रलने परत जाते. वीजबिलातही काही दिसणार नाही, ३० वॅटचा सांधा तासाला ०.०३ युनिट खातो. नाक आणि हात ही दोनच यंत्रं हा दोष ओळखतात, आणि तिसरा मीटर, तो नीट वापरला तर.

मल्टिमीटर नेमका कुठे फसवतो

बहुतेक जण आधी टॉप काढून सॉकेटमध्ये मीटरच्या सळया घालतात. मीटर २२९ दाखवतो. "सॉकेट उत्तम आहे." नाही, या चाचणीतून एवढंच कळलं की वीज येते. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो, तो २३ मायक्रोअँपिअर खेचतो. एवढ्याशा धारेला वाटेत १००० ओहमचा सांधा लागला तरी तिथे ०.०२३ व्होल्टच पडतील, आणि मीटर बिनदिक्कत २२९ सांगेल. सांधा तपासायचा तर त्यातून खरी धारा वाहत असताना तपासावा लागतो.

दुसरी फसवणूक ओहमच्या रेंजवर. साध्या मीटरची सर्वांत खालची रेंज २०० ओहम, त्यात शेवटचा अंक ०.१ ओहमचा. दोन्ही सळया एकमेकींना टेकवल्या तरी मीटर ०.३ वगैरे दाखवतो, ते त्या सळयांच्या वायरचं. अशा मीटरने ०.२ ओहमचा सांधा शोधायचा म्हणजे वजनकाट्याच्या चुकीएवढीच वस्तू तोलायची. पण त्याच सांध्यातून ८.७ अँपिअर वाहत असताना तिथे पावणेदोन व्होल्ट पडतात, आणि तो फरक स्वस्तातला मीटरही दाखवतो. थेट ओहम मोजू नका. व्होल्ट आणि अँपिअर मोजून ओहम काढा.

कॉइलचा रोध मात्र ओहमच्या रेंजवर खुशाल मोजा. टॉप सॉकेटमधून काढून, गीझर थंड असताना, फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये. २६-२७ ओहम आले तर कॉइल ठीक. हीटरच्या कॉइलची तार निक्रोमसारख्या मिश्रधातूची असते, तापल्यावर तिचा रोध काही टक्केच वाढतो, म्हणून थंड मापन चालतं. पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बला हा नियम लावू नका. १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ५२९ ओहम यायला हवा, आणि थंड बल्ब ४० ओहमच्या आसपास दाखवतो. बल्ब बिघडलेला नाही, टंगस्टन पेटल्यावर त्याचा रोध दहा-बारा पटींहून जास्त होतो.

तारेभोवती जबडा धरून अँपिअर मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचीही एक खोड सांगून ठेवतो. गीझरची अख्खी तीन-तारी केबल त्याच्या जबड्यात धरली तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडतात. जबड्यात एकटी फेज किंवा एकटी न्यूट्रल हवी. त्यासाठी केबलचं वरचं आवरण सोलत बसू नका, खालची पद्धत सोपी आहे.

मापन

उघड्या बोर्डात चालू लाइनवर हात घालायचं काम जाणत्या वायरमनचंच. पण बोर्ड न उघडता बरंच कळतं. १६ अँपिअरचा प्लग-इन वॉटमीटर मिळतो, तो सॉकेटमध्ये बसवायचा आणि गीझरचा टॉप त्याच्यात. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट तिन्ही समोर दिसतात. घेताना १६ अँपिअरचाच घ्या. ६ अँपिअरचा घेऊन वर अडॅप्टर जोडलात तर नवा जळका सांधा स्वतःच्या हाताने तयार कराल.

टाकीतलं पाणी थंड असताना मोजा, नाहीतर थर्मोस्टॅटने कॉइल बंद केलेली असेल आणि तुम्ही शून्य अँपिअरकडे बघत बसाल. घरातली बाकीची मोठी उपकरणं बंद. आधी गीझर बंद ठेवून व्होल्ट पाहा, मग चालू करून व्होल्ट आणि अँपिअर. लाइनचे व्होल्ट आपले आपणही हलत असतात, म्हणून चालू-बंद असं काही वेळा करून फरक तोच येतोय ना हे बघा.

समजा गीझर बंद असताना २३१ व्होल्ट आहेत. चालू केल्यावर २२४ व्होल्ट आणि ८.५ अँपिअर. कॉइलचा रोध २२४ भागिले ८.५, म्हणजे २६.३५ ओहम, गीझर निर्दोष. त्याला मिळणारी शक्ती २२४ गुणिले ८.५, म्हणजे १९०४ वॅट. वाटेत ७ व्होल्ट पडले. ७ भागिले ८.५ म्हणजे वाटेचा रोध ०.८२ ओहम, आणि ७ गुणिले ८.५ म्हणजे जवळजवळ ६० वॅट वाटेत जळतायत. इथे २३१ ला ८.५ ने भागू नका. २३१ ही गीझर बंद असतानाची स्थिती, ८.५ चालू असतानाची. दोन वेगळ्या क्षणांचे आकडे एका भागाकारात घातले की उत्तर कुठलंच येत नाही.

आता या ६० वॅटची वाटणी करायची. सगळे काही तुमच्या घरात नाहीत, काही बाहेरच्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) मीटरपर्यंतच्या वायरमध्ये आहेत. बऱ्याच डिजिटल वीजमीटरवर बटण दाबत गेलं की व्होल्ट दिसतात. नसतील दिसत तर मेन बोर्डालगतच्या सॉकेटवर मोजा, त्यावर दुसरं काही चालू नको. तिथे गीझर बंद-चालूमध्ये २३१ चे २२९ झाले असं धरू. म्हणजे २ व्होल्ट बाहेरचे, त्याचं आपल्याला काही करायचं नाही. उरले ५. बोर्डापासून गीझरपर्यंत १२ मीटर वायर असेल तर २४ मीटरचे ०.१८ ओहम, त्यात दीड व्होल्ट. ते पडणारच. उरले साडेतीन व्होल्ट, आणि त्यांचा हिशेब कुठल्याही वायरमध्ये लागत नाही. साडेतीन गुणिले साडेआठ, ३० वॅट. सांध्यात जळतायत ते हेच.

कुठला सांधा? वॉटमीटर सॉकेटच्या पुढे बसलाय, म्हणून त्याने पाहिलेली घट सॉकेटच्या पत्त्या, सॉकेटमागचे स्क्रू, स्विच आणि बोर्डातल्या जोडांची आहे. उलट वॉटमीटरवर जास्तीची घट काहीच दिसली नाही आणि तरी जुना टॉप तापतोय, तर दोष टॉपच्या आतल्या स्क्रूंमध्ये किंवा गीझरच्या केबलच्या टोकाला. सॉकेट कोरं करकरीत आणून काही उपयोग नाही. काळी पडलेली पीनही बाजू सांगते. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. न्यूट्रलच्या बाजूचा सांधा तेवढाच तापतो, कारण धारा तीच आहे, पण टेस्टर फेजवरच पेटतो म्हणून न्यूट्रलचा स्क्रू तपासायचं हटकून राहून जातं.

वॉटमीटर नसेल तर वीजमीटरचा लाल दिवा निम्मं काम करतो. मीटरवर 'युनिटला ३२०० इंपल्स' असं काहीसं छापलेलं असतं, आकडा मीटरप्रमाणे बदलतो. फक्त गीझर चालू ठेवून १०० वेळा दिवा लुकलुकायला किती सेकंद लागले ते मोजा. ५८ सेकंद लागले तर ३६,००,००० (एका युनिटमधले वॅट-सेकंद) भागिले ३२००, गुणिले १००, भागिले ५८, म्हणजे १९४० वॅट. याने गीझर किती खातो ते कळतं, सांधा कुठला ते नाही.

"व्होल्टेज कमी म्हणून जळला"

हे कारण गावाकडे फार ऐकू येतं. त्याचं म्हणणं असं की व्होल्ट कमी झाले की उपकरण जास्त अँपिअर खेचतं. पाण्याच्या मोटारीबद्दल ते खरं आहे, लोड तसाच असेल तर. गीझर, इस्त्री, हॉटप्लेट यांच्याबद्दल साफ खोटं. १९० व्होल्टला गीझर ७.२ अँपिअरच खेचतो, २००० ऐवजी १३६५ वॅट देतो, पाणी तापायला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. सांधा मात्र आधीपेक्षा थंड राहतो. त्रास उलट्या बाजूने होतो: मध्यरात्रीनंतर लाइन २५० वर गेली की ९.४५ अँपिअर आणि सांध्यात अठरा टक्के जास्त उष्णता. त्यामुळे टॉप जळतो म्हणून स्टॅबिलायझर घ्यायचा सल्ला कुणी दिला तर पैसे वाचवा.

मोटारीचं नाव निघालंच आहे तर, वर केलेला हिशेब तिला लावू नका. मोटारीचे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, मध्ये पॉवर फॅक्टर येतो. आणि तिच्या वाइंडिंगचा रोध ओहममध्ये मोजून त्याने २३० ला भागलं तर भलतेच अँपिअर येतात. तो विषय वेगळा आहे.

दुरुस्ती

नुसता टॉप बदलल्याने दोष परत येतो याचं कारण सॉकेटमधली पत्ती. एकदा चांगली तापली की पितळेची स्प्रिंग मऊ पडते, पकड जाते, आणि नव्या कोऱ्या पिनेलाही ती सैलच धरते. सैल म्हणजे जास्त रोध, म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे आणखी सैल. म्हणून टॉप आणि सॉकेट दोन्ही एकदम बदला. चांगल्या सॉकेटमधून टॉप ओढून काढायला जोर लागतो, सहज हातात आला तर ते सॉकेट गीझरसाठी बाद. ६ आणि १६ दोन्ही पिना घेणाऱ्या एकत्रित सॉकेटवर गीझर लावूच नये असं माझं मत आहे, त्यातल्या बऱ्याच सॉकेटांची पकड दोन्हींना अर्धवट असते.

मेन बंद करून सॉकेट उघडलं की वायरचं काळवंडलेलं टोक कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. काळी तार पुन्हा स्क्रूखाली दाबली तर दोषही तिच्यासोबत आत गेला. तारांचे पदर छाटून टोक भोकात बसवणं ही सर्रास दिसणारी लबाडी, अर्धे पदर छाटले की उरलेल्यांवर सगळी धारा. त्याऐवजी थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप ढिला होतो. कोकण किनाऱ्यावर, गोव्यात, खाऱ्या दमट हवेत पितळेवर कळंक लवकर चढतो, तिथे दर पावसाळ्यानंतर मेन बंद करून हे स्क्रू एकदा कसून घ्यावेत. गीझर कायमचा एकाच जागी असेल तर टॉप-सॉकेट काढून डीपी स्विच (डबल पोल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) आणि पक्का कनेक्टर बसवणं सर्वांत चांगलं, दोन सैल होऊ शकणारे सांधे कमी होतात.

सगळं झाल्यावर तेच मापन पुन्हा करा. वरच्या उदाहरणात बोर्डापासून गीझरपर्यंतची घट ५ वरून दोन व्होल्टच्या आत यायला हवी. डीपी स्विच बसवला असेल तर वॉटमीटर मध्ये घालता येणार नाही, तिथे कनेक्टरवरचं चालू मापन वायरमनकडून करून घ्या. टॉप थंड झाला पण घट चार-साडेचारवरच अडून बसली, तर सॉकेटच्या मागे वाटेत आणखी एक सांधा आहे: बोर्डातला स्विच, एमसीबीचा खालचा स्क्रू, किंवा भिंतीतल्या जंक्शन बॉक्समधला पिळून टेप मारलेला जोड. जुन्या इमारतीत तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या वायरला पिळून जोडलेली सापडली तर पुढे शोधायची गरज नाही, तोच जोड आधी उघडा.